उसने पात्र

शेजारच्या घरून आणलेले भांडे रिकामे परत करू नये, असा आपल्याकडे एक जुना रिवाज आहे. हळदीकुंकवासाठी आणलेले मोठे पातेले परत जाताना त्यात चार चकल्या जातात, दोन करंज्या जातात. अगदीच काही नसले तर परड्यातल्या कढीलिंबाची एखादी डहाळी जाते. भांडे ज्याचे त्याच्या घरी पोचते. पण मध्यंतरी ते आपल्या घरी राहून गेले, ही गोष्ट त्या चकल्या न बोलता सांगतात.

आपण भांड्यालाही पात्र म्हणतो आणि गोष्टीतल्या माणसालाही पात्रच म्हणतो. संस्कृतातून आपल्याला हा शब्द दोन्ही अर्थांसकट मिळाला. मला तो फार सोयीचा वाटतो. कारण दुसऱ्याने घडवलेले पात्र उसने आणून त्यात आपले काही शिजवणारी माणसे जगात नेहमीच होती. आपले पंडित कवी दुसरे काय करीत होते? राम, सीता, मारुती ही सारी वाल्मीकीच्या घरची पात्रे. पण परंपरेने मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगतात, आणि त्यांतल्या एकात तर ओठाला ओठ लागेल असे अक्षरच येऊ द्यायचे नाही, असा पण आहे. पंतांना कुणी उसनवार म्हटले नाही. पात्र वाल्मीकीचे, पण चकल्या पंतांच्या, हे श्रोत्यांना ठाऊक होते.

इंग्रजीत आज या प्रकाराला 'फॅन फिक्शन' म्हणतात. एखाद्या गोष्टीवर जीव जडलेल्या वाचकाने तिच्यातलीच माणसे घेऊन लिहिलेली स्वतःची गोष्ट, असा त्याचा साधा अर्थ. या लेखनाविषयी बोलताना हक्काची आणि चोरीचीच चर्चा फार होते. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. असे भांडे कुणी आपल्यापुढे आणून ठेवले आणि म्हटले, "जरा चव बघून सांग," तर काय सांगावे? आणि ज्याने रांधले त्याने ते कसे ऐकावे?

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो माझ्या भाचीने. ती सोळा वर्षांची आहे आणि तिला शेरलॉक होम्सचे वेड आहे. होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल' नावाच्या नाताळच्या वार्षिकात छापली गेली. म्हणजे जगातला हा सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर सणाच्या अंकातच जन्मला. दिवाळी अंकाच्या वाचकांना ही गोष्ट आवडावी! तर या कादंबरीच्या अगदी पहिल्या पानावर डॉक्टर वॉटसन सांगतो की लष्करात नेमणूक होऊन तो हिंदुस्थानात आला, मुंबईस उतरला, आणि उतरल्यावर त्याला कळले की आपली तुकडी खिंडी ओलांडून केव्हाच अफगाणिस्तानात गेली आहे. बस्स, एवढेच. मुंबईत तो किती दिवस राहिला, कुणाला भेटला, त्याने काय पाहिले, याविषयी कॉनन डॉइल एक अक्षर लिहीत नाही. त्या एवढ्याशा फटीत माझ्या भाचीने आपली गोष्ट बसवली. चाळीस पाने छापून काढून तिने माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "मामा, वाच. पण 'छान आहे' असं म्हणायचं नाही. ते आईनं म्हणून झालंय."

पोरीचे म्हणणे मला पटले. या प्रकारच्या लेखनाला मानधन नाही, प्रकाशक नाही, बहुधा पुस्तकही नाही. ज्याला मानधन मिळते त्याला चार वाईट शब्द ऐकताना निदान त्या पैशांचा आधार असतो. इथे मजुरी एकच: वाचणाऱ्याचा शब्द. ती मजुरी खोट्या नाण्यात देणे बरे नव्हे. 'छान' हे असे नाणे आहे, की ते घेणाऱ्याला त्यात काहीही विकत घेता येत नाही. काय छान? कुठे छान? पुढच्या वेळी पुन्हा तसेच करावे म्हटले तर काय करायचे?

पण 'छान' म्हणणारा परवडला, अशी माणसे दुसऱ्या बाजूला उभी असतात. त्यांना मी राखणदार म्हणतो. मूळ लेखकाने त्यांना कधी नेमलेले नसते. पण पात्राला कुठे पोचा आला आहे का, एवढेच ते पाहतात. 'होम्स असे बोलणार नाही,' 'वॉटसन तिथे जाणारच नाही,' असे ते काठी आपटून सांगतात. गंमत अशी की या काटेकोरपणाच्या परीक्षेत खुद्द डॉइल नापास झाला असता. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी लागते ती खांद्याला. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायात दुखू लागते. वॉटसनचे नाव जॉन. पण १८९१ सालच्या एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते! डोरोथी सेयर्स ही स्वतः मोठी रहस्यकथालेखिका. तिने या जेम्सवर तोड काढली ती अशी: वॉटसनच्या नावातले मधले अक्षर 'एच' आहे, ते 'हेमिश'चे असावे, आणि हेमिश म्हणजे स्कॉटिश लोकांचा जेम्स. बायको लाडाने मधले नाव घेत असेल! चूक सापडली म्हणून टाळी न पिटता बाईंनी त्या चुकीलाच एक खिडकी पाडली, आणि तिच्यातून नवराबायकोच्या संसाराचा एक कोपरा दिसू लागला. प्रेमाने केलेली टीका म्हणतात ती ही.

राखणदारांच्या कसोटीला शंभर टक्के उतरलेल्या एका गोष्टीचे काय झाले, तेही सांगण्याजोगे आहे. १९११ साली आर्थर व्हिटेकर नावाच्या एका इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने, हाताला काम नव्हते त्या दिवसांत, एक होम्सकथा लिहून थेट डॉइलकडे पाठवली आणि दोघांच्या नावाने ती छापावी असे सुचवले. डॉइलने ते मान्य केले नाही. पण हिणवलेही नाही. गोष्ट वाईट नाही, पात्रांची नावे बदलून आपल्या नावावर छापून पाहा, असा सल्ला त्याने दिला, आणि कल्पनेबद्दल थोडे पैसे देऊन हस्तलिखित ठेवून घेतले. १९३० साली डॉइल वारला. पुढे त्याच्या कागदपत्रांत ही कथा सापडली आणि १९४८ साली एका प्रसिद्ध अमेरिकन मासिकाने ती चक्क डॉइलची अप्रकाशित होम्सकथा म्हणून छापली. व्हिटेकर तेव्हा हयात होता. कथा आपली आहे हे त्याला कागद दाखवून सिद्ध करावे लागले. मला या हकीकतीत डॉइलचे दाक्षिण्य आवडते. पण व्हिटेकरची थोडी कीवही येते. त्याने भांडे इतके लख्ख घासून परत केले, की त्यात त्याचे असे काही आहे हेच कुणाच्या ध्यानात आले नाही.

म्हणून उसन्या पात्राची गोष्ट तपासताना पहिला प्रश्न 'पात्राला पोचा आला का' हा नव्हे. 'यात तू काय घालून आणलेस' हा.

भाचीने काय घालून आणले होते? तर एक मुलगी. गिरगावात राहणारी, सोळा वर्षांची. तिला इंग्रजी उत्तम येते. तिला घोड्यावर बसता येते, सतार वाजवता येते, विषांची लक्षणे पाठ आहेत. बुद्धिबळात ती वॉटसनला दोनदा हरवते, आणि पोलिसांना महिनाभर न उलगडलेला खून अर्ध्या तासात उलगडून दाखवते. तिचे डोळे पाणीदार आहेत, हे चाळीस पानांत सहा वेळा आले आहे.

या मुलीला इंग्रजीत एक नाव आहे. १९७३ साली अमेरिकेत पॉला स्मिथ या बाईंनी चाहत्यांच्या एका छोट्या नियतकालिकात एक टीचभर विडंबन लिहिले. 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेवर तेव्हा वाचक ढिगाने गोष्टी लिहीत, आणि पुष्कळ गोष्टींत अशी एक सर्वगुणसंपन्न तरुणी अवतरे. पॉलाबाईंची नायिका होती साडेपंधरा वर्षांची, साऱ्या अंतराळ आरमारातली सर्वांत लहान लेफ्टनंट, आणि तिचे नाव होते मेरी स्यू. विडंबन मार्मिक होते. लोक पोट धरून हसले असतील. पण ते नाव पुढे एखाद्या शिक्क्यासारखे वापरात आले. कॅमिल बेकन-स्मिथ या अभ्यासक बाईंनी चाहत्यांच्या लेखनावर १९९२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की हा शिक्का आपल्यावर बसेल या भीतीने काही लेखिकांनी आपल्या गोष्टींत बाईचे पात्र घालणेच सोडून दिले होते. टीका खरी होती. पण तिने गोष्ट सुधारली नाही, लिहिणारीला गप्प केले. औषधाने ताप उतरावा, पण त्याबरोबर रोग्याची वाचाही जावी, तसे झाले.

म्हणून तो शब्द मी भाचीपुढे उच्चारला नाही. होम्सच्या जगात तिच्यासारखी मुलगी तिला सापडली नव्हती. तिने स्वतःच आत जाऊन आपली एक जागा धरली होती. जागा धरल्याबद्दल तिला हसायचे कारण नव्हते. प्रश्न एवढाच होता की त्या जागेवर बसलेली मुलगी अजून खरी वाटत नव्हती.

मी शिसपेन्सिल घेतली. लाल शाईने कोणतीही वही शाळेची होते. आणि समासात दुरुस्त्या न करता फक्त प्रश्न लिहिले. ही रीत मला लहानपणी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी घालून दिली. आमच्या आळीतली मुले एक हस्तलिखित मासिक काढीत असत, आणि त्यात मी बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय उसना आणून एक रहस्यकथा लिहिली होती. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक कादंबऱ्या. त्यांच्याकडे उसने मागायला कमतरता नव्हती. ग्रंथपालांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "चोर पळाला, धनंजयानं पकडला, सगळं ठीक. पण बाळ, त्यानं चोरी का केली?" मी दोन दिवस वाचनालयाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चोराला एक आजारी बहीण होती, आणि गोष्ट दुसरीच झाली होती.

भाचीच्या पहिल्या पानावर वॉटसन काठी टेकत, लंगडत, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून मुंबईत पाऊल टाकत होता. मी समासात लिहिले: 'ही कमान तेव्हा होती का?' आणि खाली: 'हा लंगडतो का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. गेटवे हे १९११ साली राजा पंचम जॉर्ज येऊन गेला त्याचे स्मारक; ते पुरे झाले १९२४ साली. त्या जागी होते ते पालवा बंदर. पण दुसऱ्या प्रश्नावर भाची अडली. वॉटसनला गोळी लागते मैवंदच्या लढाईत, २७ जुलै १८८० रोजी. मुंबईस प्रथम उतरला तेव्हा तो धडधाकट होता. आणि तिला तर जखमी वॉटसन हवा होता. तिची नायिका त्याची शुश्रूषा करता करताच रहस्य उलगडणार होती. ती पाने गोळा करून निघून गेली. दोन दिवस फोन नाही. बहीण म्हणाली, "काय बोललास रे तिला? जेवताना गप्प असते." मी म्हटले, "असू दे. गोष्ट मुरते आहे."

तिसऱ्या दिवशी ती आली ती दारातूनच बोलत. "मामा, तो जाताना नकोच! परत येताना घालते!" तिने कादंबरी पुन्हा वाचली होती. मैवंदनंतर वॉटसन पेशावरच्या इस्पितळात पडतो, तिथे विषमज्वराने मरता मरता वाचतो, आणि मग त्याला 'ओरोंटीस' नावाच्या लष्करी जहाजातून इंग्लंडला परत पाठवतात. पण तो कुठल्या बंदरात जहाजावर चढला, हे डॉइल सांगत नाही! पहिल्या फटीपेक्षा ही फट मोठी निघाली. आता वॉटसन धडधाकट गोरा अधिकारी राहिला नाही. तापाने खंगलेला, घरी जायला निघालेला आणि घरी कुणीच वाट पाहत नसलेला माणूस झाला. समासातला एक प्रश्न तारखेचा होता. त्याचे उत्तर शोधताना तिला माणूस सापडला.

मग आम्ही त्या मुलीकडे वळलो. मी दोनच प्रश्न लिहिले होते: 'हिला काय येत नाही?' आणि '१८८० साली सोळा वर्षांची मुलगी माहेरी कशी?' पहिल्या प्रश्नाचा तिला राग आला. "होम्सला काय येत नाही, असं कुणी विचारतं का?" मी म्हटले, "डॉइलनं विचारलं होतं. पहिल्याच कादंबरीत वॉटसन होम्सला काय येत नाही याची यादी करतो, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला ठाऊक नसतं." ती हसली, पण राग पुरता गेला नाही. जायला नकोच होता. आपल्या गोष्टीवर राग येण्याइतका जीव नसेल, तर ती सुधारायची कशाला?

दुसऱ्या प्रश्नाने मात्र तिला कामाला लावले. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या आणि नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, हे तिने वाचले. मग सोळाव्या वर्षी ही मुलगी भावाच्या घरी असायची तर एकच वाट उरत होती. पुढच्या खेपेस पाने आली तेव्हा गिरगावातली ती मुलगी बालविधवा झाली होती. भाऊ १८४५ साली निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकतो. त्याच्या पुस्तकांतून ती चोरून वाचते. घोडा गेला होता, सतार गेली होती, पाणीदार डोळेही गेले होते. विषे तेवढी राहिली होती. कारण आता ती भावाच्या पुस्तकातून आली होती. तिला काय येत नाही, याचे उत्तर भाचीने आपले आपण शोधले होते: तिला उंबरठा ओलांडता येत नाही. जे ताडले ते खरे की खोटे, हे पाहायला तिला एका आजारी परक्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. आणि खुनाची खूण तिलाच का दिसते, असे मी विचारले तेव्हा पोरगी म्हणाली, "विधवेकडे कुणी बघत नाही, मामा. म्हणून तिला सगळं दिसतं."

हे वाक्य मी तिला सांगितले नव्हते. मला ते सुचलेही नसते. सांगण्यासारखे असते ते एवढेच, की वाचता वाचता माझी ठेच कुठे लागली. वैद्यापुढे रोग्याने दुखणारी जागा दाखवावी. औषध सुचवू नये. टीका करणारा वाचक हा गोष्टीपुढे रोगीच असतो. 'इथे मला खरे वाटेना,' 'इथे मी दोन पाने गाळली,' हे त्याने निःशंक सांगावे. त्यावर मात्रा कोणती द्यायची, ते लिहिणाऱ्याच्या हाती. आणि लिहिणाऱ्यानेही तेवढाच फरक ओळखावा. चार जणांनी एकाच जागी बोट ठेवले, तर तिथे काही आहे हे मानावे. पण चौघांनी दिलेले चार काढे एकाच भांड्यात ओतू नयेत.

माझा एक काढा तिने असाच परतवला. मला वाटत होते की शेवटी वॉटसन लंडनला पोचावा, बेकर स्ट्रीटवर होम्सची भेट व्हावी, आणि होम्सची पहिली करामत पाहून वॉटसनने म्हणावे की अशी एक व्यक्ती मी मुंबईत पाहिली आहे. मग त्याने तिची हकीकत सांगावी, आणि होम्सने पहिल्यांदाच कुणापुढे तरी मान लववावी. मी हे भीत भीत पेन्सिलीने लिहिले होते. भाचीने वाचले आणि मान हलवली.

"नाही मामा. वॉटसन होम्सला काहीच सांगत नाही."

"अगं, पण का? केवढा शेवट होईल!"

"होम्सला सांगितलं की ती होम्सची गोष्ट होईल."

माझा शेवट वाईट नव्हता असे मला अजूनही वाटते. पण ओळीवर तिने खोडरबर फिरवला आणि मी तो फिरवू दिला. तिच्या गोष्टीत वॉटसन जहाजावर चढतो तेव्हा धक्क्यावर निरोपाला कुणी नसते. ज्या मुलीला यायचे होते तिला येता येत नाही. पुढे वॉटसन होम्सविषयी शेकडो पाने लिहितो. हिच्याविषयी एक ओळ लिहीत नाही. मूळ कादंबरीत मुंबईबद्दल काहीच का नाही, याचा उलगडा तिने असा केला.

शेवटचे पान वाचून होईपर्यंत ती समोर बसून होती. 'छान' म्हणायची मनाई होती. मी तिला एवढेच सांगितले की वाचायला बसताना आणलेला चहा तसाच राहिला, आणि त्यावर साय धरली आहे हे मला आत्ता दिसले. तिने कपात डोकावून खात्री करून घेतली, आणि ती मजुरी मुकाट्याने घेऊन पाने पिशवीत भरली.